जिप्सीचा सेल्फ नुसता ‘खट्ट’ करतो: सेल्फ बदलण्याआधी वायरिंग कसं तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा. १९९८ ची कार्ब्युरेटरवाली जिप्सी किंग. चावी फिरवली की ‘खट्ट’ असा एकच आवाज येतो, सेल्फ फिरत नाही. चार-पाच वेळा चावी मारली की अचानक लागतो, आणि लागला की जोरात फिरतो. घाट चढून गाडी तापलेली असली की हा त्रास हमखास. बॅटरी सहा महिन्यांची. गॅरेजवाल्याचं म्हणणं, सेल्फच बदलून टाका.

एवढ्यात बदलू नका. ‘लागला की जोरात फिरतो’ हेच तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे. बॅटरी उतरलेली असती, जाडी केबल कुजलेली असती किंवा बुश (मोटरच्या दांड्याची बेअरिंगं) झिजून आर्मेचर (मोटरचा आत फिरणारा भाग) घासत असतं, तर सेल्फ लागल्यावरही रडतरडत फिरला असता. मोटर जोमाने फिरते याचा अर्थ जाड वायरींचा रस्ता बहुधा ठीक आहे. संशय घ्यायचा तो चावीकडून सोलेनॉइडकडे (सेल्फवर बसलेला, मोटरला बॅटरी जोडणारा विजेचा खटका) जाणाऱ्या बारीक वायरीचा. कार्ब्युरेटरच्या जिप्सीत ही वायर रिलेशिवाय (रिले म्हणजे थोड्या प्रवाहावर चालून मोठा प्रवाह जोडणारा स्विच) थेट इग्निशन स्विचमधून येते, आणि याच घराण्यातल्या सुझुकी सामुराईचे परदेशातले मालकही नेमकी हीच तक्रार करतात. पंचवीस-तीस वर्षांनंतर हा दुखणाईत भाग ठरलेलाच.

सोलेनॉइडच्या आत काय होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे मीटरचे आकडे बोलू लागतील. आत दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचं, ओढणारं. दुसरं बारीक तारेचं, धरून ठेवणारं. दोघांनाही वीज मिळते ती एकाच बारीक टर्मिनलवरून. त्याला ५० नंबर म्हणतात, काही सेल्फवर तिथे ‘एस’ लिहिलेलं असतं. धरणारं वेटोळं सोलेनॉइडच्या बॉडीवर अर्थ होतं. ओढणारं मात्र मोटरच्या बोल्टला जोडलेलं असतं, म्हणजे त्याचा अर्थ मोटरच्या कार्बन ब्रशमधून जातो. चावी फिरवल्यावर दोन्ही मिळून प्लंजर खेचतात, प्लंजर पिनिअनला (सेल्फच्या दातेरी चाकाला) इंजिनच्या फ्लायव्हील रिंगमध्ये ढकलतो आणि शेवटच्या टप्प्यात तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर (एक बॅटरीचा, एक मोटरचा) आपटते. आता ओढणाऱ्या वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना बॅटरीचा व्होल्टेज आल्यामुळे त्यातला प्रवाह थांबतो आणि धरणारं वेटोळं एकटं काम चालवतं.

पहिल्या क्षणी ही जोडी साधारण २५ ते ४० अँपिअर खाते. चावीतून येणारी वायर समजा २ चौरस मिलिमीटरची आहे आणि बॅटरीपासून स्विचपर्यंत व तिथून परत सेल्फपर्यंत मिळून ४ मीटर आहे. तांब्याच्या हिशेबाने तिचा रोध ०.०३५ ओहम. ३० अँपिअरला नुसत्या वायरीतच एक व्होल्ट गेला, आणि ही वायर नवी असतानाची गोष्ट आहे. त्यात स्विचचे झिजलेले काँटॅक्ट, दोन-तीन कनेक्टर आणि एखादा टेप गुंडाळलेला जोड धरा. मग ५० वर ८ व्होल्टसुद्धा पोहोचत नाहीत. प्लंजर हलतो, खट्ट करतो, पण चकती दाबून बसेल इतका जोर त्याच्यात राहत नाही.

गरम झाल्यावरच का? तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांवरचं वेटोळं इंजिनच्या उष्णतेने ९० अंशांवर गेलं की रोध २७-२८ टक्क्यांनी वाढतो, प्रवाह २१-२२ टक्क्यांनी घटतो आणि ओढही घटते. थंडीत जेमतेम चालणारं प्रकरण गरमीत अडतं ते यामुळे.

तपासणीला बसण्याआधी गाडी सपाट जागी घ्या, गिअर न्यूट्रल, ट्रान्सफर केसचा दांडाही ‘एन’मध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड लावलेले. इग्निशन कॉइलची प्लसची बारीक वायर काढून टोकाला टेप गुंडाळा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. (एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाली जिप्सी असेल तर त्याऐवजी इंधनपंपाचा फ्यूज काढा.) अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. बॅटरी ते सेल्फ या केबलला फ्यूज नसतो. तिच्यात आणि बॉडीत पाना अडकला तर तो लाल होईपर्यंत थांबणार नाही.

साहित्य फार लागत नाही. २० व्होल्ट डीसीची रेंज असलेला कुठलाही मल्टिमीटर, दोन-तीन मीटर वायर, चावी फिरवायला एक माणूस, वायर ब्रश, पॉलिश पेपर. टेस्ट लॅम्पवर मात्र या कामात विसंबू नका. २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर खातो. तेवढ्याला कुजकी वायरही छान पुरते आणि दिवा झक्क लागतो. अनेक जण ५० ची वायर काढून तिच्या टोकाला मीटर लावतात, १२ व्होल्ट दिसले की ‘वायरिंग ओके’ म्हणतात आणि सेल्फ खोलतात. वायर काढली म्हणजे प्रवाह गेला, आणि प्रवाह नसेल तर व्होल्टेज पडणारच नाही. मोजमाप नेहमी वायर जोडलेली असताना आणि चावी स्टार्टला धरलेली असतानाच घ्यायचं.

आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ चालेल, १२.२ म्हणजे अर्धी. अर्धी असेल तर चार्ज करून मगच पुढे जा. मीटरची टोकं क्लॅम्पवर न टेकवता शिशाच्या टर्मिनलवर टेकवा. सेल्फ फिरत असताना इथेच ९.६ च्या खाली जाऊ नये. नवी बॅटरी म्हणजे भरलेली बॅटरी असं समजू नका; अल्टरनेटर कमी चार्ज करत असेल तर सहा महिन्यांची बॅटरीही अर्धीच असते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत.

मग हेडलाइट लावून चावी मारा. ‘खट्ट’ झालं आणि लाइट एकदम मंद झाले, तर खूप प्रवाह खेचला जातोय किंवा बॅटरीचा क्लॅम्प सैल आहे. लाइट जवळपास तसेच राहिले, तर मोटरपर्यंत प्रवाह पोहोचतच नाहीये. तुमच्या वर्णनावरून लाइट तसेच राहतील असं वाटतं. आवाजाकडेही कान द्या. बारीक, अर्धवट ‘टक्’ म्हणजे प्लंजर पूर्ण गेला नाही, वायरिंगकडे बघा. जड, घुमणारा ‘खटाक्’ येऊनही मोटर गप्प असेल, तर प्लंजरने आपलं काम केलेलं आहे आणि दोष पुढे, चकतीत किंवा ब्रशमध्ये आहे.

आता मुख्य मोजमाप. मीटरचं काळं टोक सेल्फच्या बॉडीवर (रंग खरवडून, उघड्या लोखंडावर), लाल टोक ५० च्या टर्मिनलवर, वायर जागेवर. दोष दिसत असताना चावी तीन सेकंद धरायला सांगा, त्याहून जास्त नको. मोटर न फिरता चावी धरून ठेवली की ओढणारं वेटोळं झपाट्याने तापतं. १०.५ च्या वर असेल तर वायरिंगला दोष देऊ नका. ९ च्या आसपास म्हणजे काठावर. ८ किंवा त्याखाली म्हणजे चोर सापडला.

कमी आलं तर व्होल्टेज कुठे खाल्लं जातंय ते शोधायचं. लाल टोक आता बॅटरीच्या प्लसवर कायम ठेवा आणि काळं टोक एकेक टप्पा पुढे सरकवत न्या: फ्यूजिबल लिंकचं (बॅटरीजवळच्या, फ्यूजचं काम करणाऱ्या वायरीच्या तुकड्याचं) पलीकडचं टोक, इग्निशन स्विचला येणारी वायर, स्विचमधून स्टार्टला जाणारी वायर, मधला कनेक्टर, शेवटी ५०. प्रत्येक वेळी चावी धरून आकडा लिहून घ्या. समजा ०.१, ०.६, २.३, २.५, ३.४ असे आकडे आले. मोठी उडी ०.६ वरून २.३ आहे, म्हणजे स्विचमध्येच १.७ व्होल्ट जळताहेत. दुसरी उडी २.५ ते ३.४, म्हणजे कनेक्टर ते सोलेनॉइडमधली वायर किंवा तिच्या टोकाचा स्पेड (चपटा कनेक्टर). संपूर्ण रस्त्यावर मिळून दीड व्होल्टच्या आत असावं.

स्विचचा विजेचा भाग लॉकच्या मागे वेगळा असतो. त्याचा कनेक्टर काढून बघा. एखादी पिन तपकिरी पडलेली किंवा तिच्या भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं दिसलं, तर काँटॅक्ट क्लीनर मारून काही महिने निघतील, पण पिनची पकड गेलेली असते. स्विच आणि कनेक्टर दोन्ही बदला. सोलेनॉइडकडच्या टोकाला वायर थोडी सोलून बघा. तांबं चकचकीत नसेल, काळं किंवा हिरवी पूड धरलेलं असेल, तर चकाकी दिसेपर्यंत मागे कापत जा. कोकणात वापरलेल्या किंवा नदी-ओढ्यात उतरलेल्या गाड्यांत ही हिरवी पूड इन्सुलेशनच्या आत वीतभर शिरलेली असते आणि बाहेरून वायर अगदी धडधाकट दिसते.

याच रस्त्यात आणखी एक बाहेरचा चोर असू शकतो. बाजारातून बसवलेला चोरी-अलार्म किंवा लपवलेला कट-ऑफ (वीज तोडणारा स्विच). बसवणारे स्टार्टची वायर कापून मध्ये छोटा रिले घालतात आणि जोड नुसते पिळून काळी टेप गुंडाळतात. डॅशबोर्डखाली असा गठ्ठा दिसला तर तो काढून मूळ वायर नीट जोडा, आणि मग पुन्हा मोजा. कित्येकदा प्रकरण इथेच मिटतं.

कायमचा उपाय म्हणजे रिले. चार पिनचा १२ व्होल्ट, ४० अँपिअरचा चांगल्या कंपनीचा रिले, बेससकट. ५० वरची मूळ वायर काढून ती रिलेच्या ८६ ला जोडा (हे नंबर रिलेच्या पिनांशेजारी छापलेले असतात). ८५ ला अर्थ. बॅटरीच्या प्लसवरून ४ चौरस मिलिमीटरची वायर ३० अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेच्या ३० ला, आणि ८७ वरून तशीच ४ ची वायर सोलेनॉइडच्या ५० ला. फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत हवा, कारण त्याच्या अलीकडच्या वायरीला कुठलंच संरक्षण नसतं. रिले बॅटरीजवळ, उंचावर, पिना खाली तोंड करून बसवा, म्हणजे चिखलपाणी आत साचणार नाही. डायोड असलेला रिले असेल तर ८६ प्लस आणि ८५ अर्थ हे उलटं होऊ देऊ नका. मूळ वायरीला मध्येच दुसरा फाटा गेलेला असेल, विशेषतः एमपीएफआय गाडीत, तर तो तसाच राहू द्या. फक्त सोलेनॉइडकडचं टोक हलवायचं.

आता चावीतून जेमतेम ०.२ अँपिअर जातात, त्यामुळे स्विचही टिकतो. ५० वर रिलेनंतर बॅटरीपेक्षा अर्धा व्होल्टही कमी यायला नको. पण रिले हा झाकण घालायचा उपाय म्हणून वापरू नका. स्विच मधूनमधून पूर्णच तुटत असेल, तर रिलेसुद्धा मधूनमधून लागणार नाही, आणि तेव्हा तो ‘खट्ट’ही ऐकू येणार नाही. चावी धरून ८६ वर किमान १०.५-११ येतात याची खात्री करा.

५० वर १०.५ पेक्षा जास्त येतंय आणि तरी आवाज बारीकच आहे, असंही होऊ शकतं. इथे बरेच जण सोलेनॉइड बदलतात आणि फसतात. ओढणाऱ्या वेटोळ्याचा अर्थ ब्रशमधून जातो हे आठवा. ब्रश संपले असतील किंवा अडकले असतील तर ते वेटोळं कामच करत नाही, आणि सोलेनॉइड बिचारा अर्ध्या ताकदीने हलतो. बॅटरीचा मायनस काढा, मोटरच्या बोल्टवरून मोटरमध्ये जाणारी वायर सोडवा (नाहीतर मीटर वेटोळ्यांचाच रोध दाखवेल) आणि त्या वायरीपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत रोध मोजा: जवळपास शून्य हवा. मीटर अनंत दाखवत असेल किंवा आकडा उड्या मारत असेल, तर ब्रश. चार कार्बन आणि दोन बुश एवढ्याने बहुतेक सेल्फ पुन्हा उभे राहतात. ब्रश निम्म्याहून जास्त झिजलेले असतील तर चारही एकदम बदला. कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या भागाच्या) पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या साधारण अर्धा मिलिमीटर खाली आहे ना, तेही बघून घ्या.

जड ‘खटाक्’ होऊनही मोटर गप्प असेल तर चावी धरून मोटरच्या बोल्टवर बॉडीच्या संदर्भात मोजा. तिथे शून्याच्या आसपास म्हणजे चकती जळलेली. तिथे पूर्ण व्होल्टेज आहे पण फिरत नाही, म्हणजे ब्रश किंवा आर्मेचर. तीन-चार व्होल्टच आहे तर मागे कुठेतरी जाड रस्ताच बंद होत चालला आहे. सेल्फवर पान्याने ठोकून काम भागवायची सवय असेल तर ती सोडा. ज्या सेल्फमध्ये कायमचे चुंबक असतात त्यांत ठोकण्याने चुंबक तडकतो आणि मग खरंच नवा सेल्फ घ्यावा लागतो.

एकच ‘खट्ट’ न होता ‘कटकटकटकट’ असा सलग आवाज आला तर शंभरात बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली किंवा क्लॅम्प सैल. पण तो आवाज होत असताना बॅटरीवर ११.५-१२ टिकून असेल, तर धरणारं वेटोळं तुटलेलं आहे: ओढणारं खेचतं, चकती बसते, त्याबरोबर त्याचा प्रवाह थांबतो, धरायला कोणी नाही, चकती सुटते, पुन्हा खेचतं. हा दोष वायरिंगने सुटत नाही, सोलेनॉइडच बदलावा लागतो.

अर्थिंगवर जरा थांबूया, कारण जुन्या फोर बाय फोरमध्ये निम्मी दुखणी इथली असतात. इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसलेले, चेसिस वेगळी, बॉडी वेगळी. सेल्फने घेतलेला सगळा प्रवाह इंजिन ब्लॉकमधून बॅटरीच्या मायनसला परत जायचा असतो. बॅटरीचा मायनस बॉडीला किंवा चेसिसला जोडून सोडलेला असेल आणि इंजिन ते चेसिस ही विणलेली पट्टी क्लच किंवा गिअरबॉक्स उतरवताना काढून परत लावलीच नसेल, तर तो प्रवाह दुसरी वाट शोधतो: ॲक्सिलरेटर केबल, चोक केबल, स्पीडोमीटर केबल. चोकची केबल कारण नसताना जळली किंवा सेल्फ मारल्यावर हाताला गरम लागली, तर अर्थ गेला म्हणून समजा. तपासायला मीटरचं एक टोक इंजिन ब्लॉकवर, दुसरं बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर, आणि सेल्फ फिरवा. ०.२ व्होल्टच्या आत हवं. मग तसंच ब्लॉक ते चेसिस, चेसिस ते बॉडी. जास्त आलं तर जंप केबलने ब्लॉक थेट बॅटरीच्या मायनसला जोडून सेल्फ मारा. फरक पडला की उत्तर मिळालं. अर्थच्या जागेवरचा रंग आणि गंज घासून उघडं लोखंड काढा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट कसा, आणि मग वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावून मग बोल्ट कसू नका असं काही जण सांगतात. पातळ थराने फरक पडत नाही, रंग मात्र खरवडलेला हवाच.

प्लसच्या बाजूला बॅटरी टर्मिनल ते सेल्फचा जाड बोल्ट ०.३ च्या आत, आणि सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये ०.२ च्या आत. हे आकडे सेल्फ फिरत असतानाचे. फिरत नसेल तर त्यांचा काही उपयोग नाही.

महिंद्राच्या डिझेल जीप (एमएम ५४०, मेजर वगैरे) असतील तर हिशेब थोडा बदलतो. २.१ लिटरच्या प्यूजो डिझेलला आणि त्याहून मोठ्या इंजिनांना फिरवायला २०० ते ३०० अँपिअर लागतात. जिप्सीच्या पेट्रोल इंजिनला १००-१५० पुरतात. दीड मीटरची ३५ चौरस मिलिमीटर केबल २५० अँपिअरला ०.१९ व्होल्ट खाते, तीच १६ ची असेल तर ०.४१. म्हणून कुठल्याही दुकानातून ‘जाड दिसणारी’ केबल घेऊ नका. इन्सुलेशन जाड आणि आत तांबं बारीक, किंवा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनिअम, असा माल भरपूर आहे. थिंबल (केबलच्या टोकाचं धातूचं टोपण) हातोडीने चेपण्याऐवजी हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या. या जीपना बॅटरीच्या मायनसला लाल चावीचा स्वस्त कट-ऑफ लावलेला असतो. त्याच्या दोन बोल्टांमध्ये सेल्फ फिरताना मोजा, ०.१ च्या वर गेला तर तो काढा किंवा जाड तांब्याच्या पट्टीचा घ्या. डिझेलला फिरण्याचा वेग कमी पडला तर ग्लो प्लग (डिझेल इंजिन सुरू होण्याआधी तापवणारे प्लग) कितीही चांगले असोत, पांढरा धूर सोडत बसतं, आणि लोक पंप खोलायला जातात. चाचणी करताना इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टॉपची केबल ओढून धरा.

कट-ऑफचा खरा उपयोग वेगळाच आहे. चावी सोडल्यावरही सेल्फ फिरतच राहिला, म्हणजे चकती चिकटली किंवा स्विच अडकला, तर चावी बंद करून काही होत नाही. तेव्हा कट-ऑफ फिरवा. तो नसेल तर जाड कापड हातात धरून आधी मायनसचा क्लॅम्प उपटा, चेहरा लांब ठेवून, कारण ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. कमी व्होल्टेजवर वारंवार चावी मारत राहिल्यानेच चकती अशी वितळून चिकटते. तुमच्यासारखी चार-पाच वेळा चावी मारायची वेळ येत असेल तर रिलेचं काम पुढच्या सहलीवर ढकलू नका.

तुमच्या गाडीसाठी क्रम असा ठेवा: बॅटरी आणि क्लॅम्प, इंजिनचा अर्थ, मग गाडी तापवून दोष दिसत असतानाच ५० वरचा आकडा. तो आकडा ८-९ निघाला तर स्विच, कनेक्टर, रिले. ११ निघाला तर सेल्फ उतरवून ब्रश आणि चकती. गॅरेजवाल्याला आधी तो आकडा दाखवा, मग भावाचं बोला.